जादू आणि विनोदाचा कार्यक्रम गावात ठेवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं चौघांचं पथक आहे. मुक्काम अंबाजोगाईला, कार्यक्रम मात्र पैठणपासून लोह्यापर्यंत कुठंही. जादू मी करतो. एकपात्री विनोद माझा थोरला चुलतभाऊ करतो, पुढं त्याचा उल्लेख 'दादा' असाच येईल. साउंड आणि सामान बायकोकडं असतं. चौथी माझी भाची, ती पेटीत शिरते आणि हिशोबही तीच ठेवते. गणपती मंडळाचे कार्यकर्ते, शाळेतले गुरुजी, यात्रा कमिटीची माणसं फोनवर जे विचारतात ते इथं एकत्र लिहिलं आहे. तारीख पक्की करण्याआधी एकदा वाचून घ्या.

कार्यक्रमात काय काय असतं? किती वेळ चालतो?

पूर्ण कार्यक्रम पावणेदोन ते दोन तासांचा. मध्यंतर ठेवत नाही. गावात मध्यंतर दिलं की मागची पोरं पुढं येतात, बायकांची जागा जाते आणि सगळ्यांना पुन्हा बसवण्यात पंधरा मिनिटं मोडतात.

सुरुवात दादाची. तेव्हा माणसं अजून जेवणं उरकून येतच असतात, सतरंजीवर जागा धरत असतात. पहिल्या वीस मिनिटांत तो त्यांना बसवतो आणि हसवतो. मग जादू : कटोऱ्या-गोळ्या, कापलेली दोरी पुन्हा जोडणं, लोखंडी रिंगा, मागून घेतलेली नोट आणि शेवटी पेटी. अधूनमधून दादा परत येतो. पत्त्यांचे खेळ फक्त लहान बैठकीत करतो, कारण मैदानात पाचव्या रांगेच्या मागं पत्ता दिसतच नाही.

कटोऱ्या-गोळ्यांचा खेळ मी हट्टानं ठेवला आहे. आपल्याकडचे मदारी बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून हाच खेळ करायचे. चारी बाजूंनी माणसं, वर ऊन, ना पडदा ना दिवे, आणि तरी गोळी कुठं गेली ते कुणाला कळायचं नाही. या कलेचा पाया त्या माणसांनी घातला. पुढं जादूगार रघुवीर यांनी पुण्याहून निघून मराठीतून बोलत जादू रंगमंचावर नेली, तर पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी भारतीय जादूला जगभर नाव मिळवून दिलं. पण माझ्या तीन कटोऱ्या पितळेच्या आहेत आणि त्या एका म्हाताऱ्या मदाऱ्यानं मला दिल्या. त्यांच्या कडा बोटांनी घासून घासून गुळगुळीत झाल्या आहेत. आमच्या सगळ्या सामानात मला त्याच जास्त मोलाच्या वाटतात.

तांब्यातून पुन्हा पुन्हा पाणी काढायचा खेळ तुम्ही करता का?

करतो, पण वेगळ्या पद्धतीनं, आणि त्यामागं कारण आहे.

हा खेळ जुना आणि फार देखणा. तांब्या उलटा करून रिकामा दाखवायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा खेळ करायचा, आणि परत येऊन त्याच तांब्यातून पाणी ओतायचं. असं पाच-सहा वेळा. पी. सी. सरकार यांच्या प्रयोगांत तो 'वॉटर ऑफ इंडिया' या नावानं गाजला. मीही कैक वर्षं तो तसाच करत होतो आणि पाणी स्टेजच्या कडेला सोडून देत होतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याच दिवसांत लातूरजवळच्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. तांब्याचा खेळ आला. पहिल्यांदा ओतलं तेव्हा टाळी पडली. दुसऱ्यांदा ओतताना पुढच्या रांगेतली एक बाई उठून स्टेजपाशी आली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "दादा, खाली नका सांडू." तिनं हातातला स्टीलचा डबा पुढं केला. मी उरलेलं सगळं पाणी त्या डब्यात ओतलं. तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि कुणी वाजवावी असं मलाही वाटलं नाही.

तेव्हापासून तांब्याचं पाणी आम्ही जमिनीवर ओतत नाही. शेजारी एक घागर असते, तिच्यात ओततो. कार्यक्रम संपला की ती घागर गावातल्या एखाद्या झाडाला जाते.

तुम्हाला खरोखर काही सिद्धी आहे का, की नुसती हातचलाखी?

नुसती हातचलाखी. आणि हे मी जादूच्या पहिल्या पाच मिनिटांत माइकवरून सांगतो. काही आयोजक म्हणतात, "नका ना सांगू, मजा जाते." मजा जात नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. माणसाला माहीत असतं की समोरचा फसवणार आहे, डोळे ताणून बघायचं आहे, आणि तरी फसायला होतं. खरी गंमत त्यातच आहे. कुस्ती बघतो तशी माणसं जादू बघतात.

सांगायला लागलो त्यालाही एक प्रसंग कारण झाला. सुरुवातीच्या काळात केज तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम संपवून आम्ही सामान टेम्पोत भरत होतो. सत्तरीच्या आसपासची एक आजी पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ कोपऱ्यात उभी होती. गर्दी पांगल्यावर जवळ आली आणि माझ्या पायांना हात लावायला वाकली. मी धरलं. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून मुलाचा फोटो आणि घडी घातलेल्या दोन नोटा काढल्या. मुलगा ऊसतोडीला गेला तो तीन वर्षं घरी आला नव्हता. "तुम्ही हवेतून पैसा काढता, एवढं एक बघा," ती म्हणाली.

मी तिला स्टेजच्या पायरीवर बसवलं, रुपयाचं नाणं घेतलं आणि ते तळहातात कसं धरून ठेवतात, बोटांच्या मागं कसं लपतं, हे सावकाश दाखवलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा मी तिच्या हातात नाणं दिलं. तिच्या बोटांना ते जमलं नाही, पण तिला कळलं. ती हसली नाही. नोटा परत पिशवीत ठेवल्या आणि म्हणाली, "मग त्या दुसऱ्यानं माझ्याकडून घेतले, ते?" कुणीतरी आधीच तिच्याकडून पैसे उकळले होते.

त्या रात्री दादाचं आणि माझं बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही हे माइकवरून सांगू लागलो.

मग जादूटोणाविरोधी कायदा तुमच्या कार्यक्रमाला लागतो का?

करमणूक म्हणून केलेल्या जादूला हा कायदा लागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा त्यांच्यावर दहशत बसवणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. आम्ही चमत्काराचा दावाच करत नाही, उलट नाही असं जाहीर सांगतो.

पोस्टरवर 'चमत्कार', 'दैवी शक्ती', 'वशीकरण' असले शब्द छापू नका. एका गावात छापले होते. आम्ही ते फ्लेक्स उतरवायला लावले आणि मगच पेट्या उघडल्या.

बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवता का? म्हणजे लिंबातून रक्त वगैरे?

शाळा-महाविद्यालयांसाठी वेगळा अर्ध्या तासाचा भाग आहे, तो मागून घ्यावा लागतो. लिंबू कापलं की लाल पाणी गळतं, कारण सुरीच्या पात्याला आधीच जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो आणि लिंबाचं आम्ल लागलं की तो लालभडक होतो. हे आम्ही करून दाखवतो आणि लगेच समजावूनही सांगतो. घरी करून बघायला सांगतो.

इथं एक प्रश्न हमखास येतो : "मग बाकीच्या जादूची गुपितं का सांगत नाही?" दोन्हींत फरक आहे. ज्या युक्तीनं माणसाला भीती घालून लुटलं जातं ती उघडी करायचीच. ज्या युक्तीनं त्याला दोन तास आनंद मिळतो ती त्याच्यासाठी झाकून ठेवायची. रिंगा कशा अडकतात हे मी तुम्हाला सांगणार नाही, रागावू नका.

विनोद कसे असतात? घरच्यांसोबत बसून ऐकण्यासारखे असतात का?

आजी, सून आणि नातू एका सतरंजीवर बसून ऐकतील असेच. द्वयर्थी बोलणं नाही. कुणाची जात, कुणाचा रंग, कुणाचं व्यंग, दारूड्याच्या बायकोचे हाल, सासरी छळ, यांवर विनोद नाही. शेतकऱ्याच्या कर्जावरही नाही. मराठवाड्यात ज्या घरानं आत्महत्या पाहिली आहे, त्या घरातलं माणूस कुठल्या रांगेत बसलंय हे आपल्याला माहीत नसतं.

मग उरतं काय, असं विचारणारे भेटतात. पुष्कळ उरतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, आणि त्या रुमालावर बसलेला दुसराच माणूस. लग्नात आहेराची यादी वाचणाऱ्याचा आवाज. बोअर मारायच्या आधी हातात नारळ धरून रानात फिरणारा पाणाड्या आणि त्याच्या मागं श्वास रोखून चालणारं अख्खं घर. नेटवर्कसाठी गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभी राहणारी सगळी गल्ली. दादा हे लांबून बघून लिहीत नाही, तो स्वतः त्या एसटीत उभा असतो.

ही परंपरा मराठवाड्याची स्वतःची आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी भारुडांत वासुदेव, जोशी, गारुडी अशी सोंगं उभी केली. लोक आधी हसले आणि मग विचार करत घरी गेले. दारोदार फिरणारे रायरंद, म्हणजे बहुरूपी, पोलिसाचा वेष चढवून अंगणात यायचे आणि घरातल्या म्हाताऱ्याला 'पकडून' न्यायला निघायचे. लहानपणी मी त्यांना खरंच घाबरलो आहे. आणि लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्यानं बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या, त्याही इथल्याच बोलीत. त्यानंतर मराठवाड्याच्या भाषेला कुणी गावंढळ म्हणायची हिंमत कमी झाली. दादा स्टेजवर जायच्या आधी एका उपरण्याचे किती उपयोग करता येतील याचा सराव करतो, तो त्यांचंच बघून.

कार्यक्रम कोणत्या भाषेत असतो?

मराठीत, आणि ज्या गावात असू त्या गावाच्या वळणाची. लातूरकडं 'काय करलालास', परभणीकडं 'काय करायलास', जालन्याच्या पुढं 'काय करू राहिला'. वाक्य तेच असतं, पण चुकीच्या ठिकाणी चुकीचं रूप वापरलं तर हशा येत नाही. म्हणून दादा दुपारीच गावात पोचतो आणि पारावर किंवा हॉटेलात चहा पीत तासभर नुसता ऐकतो. छत्रपती संभाजीनगरात, जुन्या वस्तीत कार्यक्रम असेल तर दखनी हिंदीचा तडका लागतो. देगलूर, उदगीरच्या सीमेवर तेलुगू-कानडीचे दोन-चार शब्द घेतले की माणसं जवळची होतात.

सरपंच, पाटील, अध्यक्ष यांच्यावर विनोद कराल का? आम्हाला हवे आहेत.

त्या माणसाला आधी विचारून करू. त्यानं हो म्हटलं तर करू. नाही म्हटलं तर त्याच्या मागं कुणीही कितीही आग्रह केला तरी करत नाही.

स्टेज किती मोठं लागतं? मैदानात चालेल का?

मैदान, देवळासमोरची जागा, शाळेचं पटांगण, बाजार ओटा, सगळं चालतं. स्टेज वीस फूट लांब आणि सोळा फूट खोल असावं, उंची तीन फूट. त्याहून उंच केलं तर सतरंजीवर बसलेल्यांना माझे हात खालून दिसतात. निम्मे खेळ तिथंच मेले. बैलगाड्या किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेल्या स्टेजवरही आम्ही कार्यक्रम केले आहेत, फक्त फळ्या हलता कामा नयेत.

आणखी तीन गोष्टी मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.

मागची कनात जाड आणि गडद हवी. पांढरी कनात असली की मागचा दिवा आरपार दिसतो आणि दोरे-बिरे सगळे उजेडात येतात.

स्टेजच्या मागं आणि बाजूला कुणीही उभं राहू द्यायचं नाही. झाडावर, भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर चढलेली पोरं ही आमची खरी परीक्षा. दोन कार्यकर्ते याच कामाला द्या. शक्यतो असे द्या ज्यांचं पोरं ऐकतात.

तिसरं म्हणजे वारा. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी वावटळ सुटते आणि हलकं सामान उडतं. स्टेजचं तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवा. मंडपवाल्याला वाऱ्याची दिशा नेमकी माहीत असते, त्यालाच विचारा.

नाट्यगृह असेल, म्हणजे संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह यांसारखं, तर यातलं काहीच बघावं लागत नाही. आम्हाला फक्त सामान लावायला तीन तास आधी आत जाऊ द्या.

मधेच लाइट गेली तर?

जनरेटर असेल तर उत्तम. नसेल तरी कार्यक्रम थांबत नाही. आमच्याकडं बॅटरीवरचा एक लहान स्पीकर आणि दोन एलईडी दिवे असतात, त्यावर अर्धा तास निघतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात एकदा तेही संपले. मी स्टेजवरून खाली उतरलो आणि माणसांच्या मधोमध बसलो. लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. चाळीस-पन्नास टॉर्चच्या उजेडात चारी बाजूंनी वेढा पडलेला असताना मी पितळेच्या कटोऱ्या मांडल्या. माइक नव्हता, म्हणून पुढचा माणूस मागच्याला सांगत होता, "गोळी गेली... आली... आरं, आता लिंबू झालं!" तो खेळ पाऊण तास चालला. लाइट आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बंद करा, बंद करा!"

परवानगी कोणाची घ्यायची? किती वाजेपर्यंत चालतं?

परवानगी आयोजकांनी काढायची. ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलिस ठाण्यात अर्ज द्या, जागा ग्रामपंचायतीची किंवा शाळेची असेल तर त्यांचं पत्र घ्या. आठवडाभर आधी. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिक्षेपक बंद, हा देशभराचा नियम आहे. वर्षातले १५ दिवसांपर्यंत ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करता येते आणि जिल्हाधिकारी ते दिवस जाहीर करतात. गणपती-नवरात्रातले काही दिवस सहसा त्यात असतात, पण तुमची तारीख त्यात आहे का ते बघून घ्या. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, हेही लक्षात असू द्या.

आम्ही दहाला थांबतो. शेवटचा खेळ उरला असेल तर माइक बंद करून करतो.

कार्यक्रम किती वाजता सुरू करावा?

सात वाजता. सोयाबीनची काढणी चालू असेल तर साडेसात. माणसं रानातून येऊन हातपाय धुऊन, भाकरी खाऊन निघतात, त्यांना तेवढा वेळ द्या. पुढाऱ्यांची भाषणं ठेवायची असतील तर साडेसहाला ठेवा आणि सातला संपवा. नारळ, हार, सत्कार यांत पाऊण तास गेला की लहान पोरं झोपतात, आणि निम्मा कार्यक्रम त्यांच्यासाठीच असतो.

पेटीत मुलगी कापण्याचा खेळ लहान मुलांना भीतीदायक वाटत नाही का?

वाटू शकतो. १९५६ मध्ये पी. सी. सरकार यांनी लंडनला बीबीसीवर हा खेळ केला. मुलगी उठून उभी राहायच्या आधीच कार्यक्रमाची वेळ संपली, आणि ती खरंच गेली या भीतीनं लोकांनी एवढे फोन केले की लाइनी जाम झाल्या. मोठी माणसं घाबरली, तिथं पाच वर्षांच्या पोराचं काय!

म्हणून आमच्याकडं करवत नाही. पेटीचे तीन भाग सरकतात, मधला बाजूला जातो, आणि त्या सगळ्या वेळात भाची आतून प्रेक्षकांशी बोलत असते. "मामा, पाय गुदगुल्या करू नको," असं ती म्हणते आणि पलीकडं पाय हलतात. पोरं घाबरायच्या ऐवजी हसतात. तिसरी-चौथीच्या आतल्याच मुलांसमोर असू तर पेटी टेम्पोतून खालीच उतरवत नाही.

ससा, कबुतर, पोपट आणता का?

नाही. देशी पोपट, मुनिया बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि खेळात कुठलाही प्राणी वापरायचा तर नोंदणी लागते. कायदा नसता तरी आणला नसता. चाळीस अंशाच्या उन्हात बंद टेम्पोतून कबुतर नेणं बरं नव्हे.

आगीचे मोठे खेळही नाहीत. कापडी मंडपात तर अजिबात नाहीत.

प्रेक्षकांमधून माणसं वर बोलावता का?

बोलावतो, पण ओढून आणत नाही. मान हलवली की विषय संपला. वर आलेल्या माणसाची फजिती करत नाही, टाळी त्यालाच मिळेल असा खेळ बांधलेला असतो. बायका मागं बसतात आणि त्यांना कुणी बोलावत नाही हे बऱ्याच गावांत बघितलं, म्हणून नोटेचा खेळ बायको खाली उतरून बायकांच्या बाजूला करते. नोट त्यांच्यातल्याच एकीची असते आणि सहीसुद्धा तिचीच. कैक वर्षांत पेन हातात न धरलेली बाई आपली सही असलेली नोट लिंबातून निघालेली बघते, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शाळेसाठी काय वेगळं?

एक तास, सकाळच्या वेळी, वर्गाच्या उंचीप्रमाणे पुढं लहान आणि मागं मोठी मुलं बसवून. जिल्हा परिषदेच्या शाळेला मानधनात सवलत असते. गुरुजी वर्गणी कुठून काढतात ते आम्हाला माहीत आहे. मुलांकडून पैसे गोळा करणार असाल तर जो देऊ शकणार नाही त्यालाही बसवायचं, ही आमची अट आहे. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला बऱ्याच शाळा बोलावतात. झेंडावंदन, मुलांची भाषणं सगळं होऊ द्या, आम्ही त्यानंतर.

लहान मुलांना फसवणं मोठ्यांपेक्षा अवघड असतं. मोठा माणूस मी बघतो तिकडं बघतो, मूल मात्र त्याला वाटेल तिकडं बघतं, आणि नेमकं तिथंच माझा दुसरा हात असतो.

मानधन किती? इसार किती द्यावा लागतो?

आकडा फोनवरच सांगतो, कारण तो अंतर, पूर्ण कार्यक्रम की अर्धा, साउंड तुमचा की आमचा, आणि मुक्काम करावा लागतो का यावर ठरतो. एक तृतीयांश इसार तारीख पक्की करताना, बाकी रक्कम कार्यक्रमाच्या आधी.

'आधी' यावर काही जण नाराज होतात. एका मंडळानं "वर्गणी जमली की देतो" म्हणून निरोप दिला. आम्ही तीन वेळा पदरचं पेट्रोल घालून गेलो, पैसे आले नाहीत. टेम्पोवाल्याचं भाडं बायकोनं घरखर्चातून दिलं. त्या मंडळातली पोरं वाईट नव्हती, हिशोब नीट नव्हता एवढंच. पण त्यानंतर हा नियम केला आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

पावसानं कार्यक्रम रद्द झाला तर इसार पुढच्या तारखेला धरतो. गावात कुणी गेलं म्हणून रद्द झाला तर इसार परत देतो.

तारीख किती आधी घ्यावी?

गणपतीसाठी आषाढातच. स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यासाठी दिवाळीच्या आत. माळेगावची यात्रा, महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी या दिवसांत आम्ही आधीच गुंतलेले असतो. पेरणीच्या काळात मोकळेच असतो, तेव्हा आमचीही रानात कामं असतात.

मोबाइलवर शूटिंग केलं तर चालेल?

दादाच्या भागाचं चालेल. जादूचं फक्त फोटो काढा. आणि प्रेक्षकातल्या बायका-मुलांचे व्हिडिओ त्यांना न विचारता पसरवू नका.

माझ्या मुलाला जादू शिकायची आहे. कुठून सुरुवात करावी?

एका रबर बँडनं. डाव्या हाताची पहिली दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, त्यांच्या मुळाशी रबर अडकवा. हाताची पाठ प्रेक्षकांकडं. आता उजव्या हातानं रबर तळहाताच्या बाजूला ओढून दाखवा, 'बघा, साधं आहे' असं म्हणत. त्याच वेळी डाव्या हाताची मूठ मिटा आणि ओढलेल्या रबराच्या आत चारही बोटांची टोकं घाला. समोरून रबर दोनच बोटांवर दिसतं. मूठ झटकन उघडा, रबर उडी मारून करंगळी आणि अनामिकेवर जातं.

हे आरशासमोर शंभर वेळा करायला सांगा. मग आजीला दाखवू द्या. आजीनं "पुन्हा कर" म्हटलं तरी लगेच पुन्हा करू नये, हा त्याचा पहिला धडा. पुढं यायचं असेल तर सुट्टीत अंबाजोगाईला आणा, शिकवायचे पैसे घेत नाही. मुलीही आणा. भाची अशीच शिकली आणि आता रिंगा माझ्यापेक्षा चांगल्या करते.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही काय तयार ठेवायचं?

न हलणारं टेबल, चार खुर्च्या, पंधरा अँपिअरचा एक पॉइंट. सामान उतरवायला चार पोरं, पण पेट्या उघडणारी नकोत. जेवण साधं ठेवा, पिठलं-भाकरी पुरे, आणि कार्यक्रमानंतर ठेवा. पोट भरलं की दादाचा आवाज बसतो. आणि एक रिकामी घागर. पाणी किती निघेल हे आधी सांगत नाही, फक्त ती कोणत्या झाडाला घालायची ते पोरांनी आधीच ठरवून ठेवावं.